मधली कोरी रेघ

फेब्रुवारीत सांगलीच्या बाजारात द्राक्षांचे ढीग लागले की आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या लहानशा प्रयोगशाळेत माझे वर्षातले सर्वांत आवडते काम सुरू होते. गाडीवरची दबलेली, घडातून सुटलेली काळी द्राक्षे मी मुद्दाम शेवटी, भाव उतरल्यावर घेते. त्यांचा रस गाळून अगरमध्ये मिसळायचा, पेट्री बशांत ओतून गार होऊ द्यायचा, मधोमध यीस्टचा एक ठिपका लावायचा आणि ती बशी फळमाश्यांच्या बाटलीच्या तोंडाशी बसवून ठेवायची, एवढीच कृती आहे. फळमाशी म्हणजे घरोघरी पिकल्या केळ्यांवर घोंगावणारे ते चिलट. सकाळी बशी काढून पाहिली की जांभळट पृष्ठभागावर अर्ध्या मिलिमीटरची पांढरी अंडी विखुरलेली दिसतात आणि भिंग लावले की प्रत्येकाच्या पुढच्या टोकाला दोन बारीक शिंगेही दिसतात. कपड्यांसाठी मिळणारे ब्लीच निम्मे पाणी घालून दोन-तीन मिनिटे वापरले, की बाहेरचे कवच विरघळते, शिंगे नाहीशी होतात आणि आत आकाराला येत असलेला भ्रूण उघड्या डोळ्यांना नाही तरी सूक्ष्मदर्शकाखाली चांगलाच स्पष्ट होतो. 25 अंशांना ठेवले तर अंड्यातून अळी बाहेर पडायला साधारण एक दिवस लागतो. आपल्याकडे मार्चअखेरीस 25 अंश कुठून आणायचे, हा प्रश्न मी पाण्याच्या परातीत बाटल्या ठेवून आणि वर ओले फडके टाकून सोडवते, आणि दर उन्हाळ्यात एखादी बाटली तरी गमावते.

या बशीवरून मी यंदा टी.वाय.च्या मुलांना चेतापेशींना साथ देणाऱ्या ग्लिया नावाच्या पेशींबद्दल जे सांगायला गेले, त्यात माझीच एक समजूत उघडी पडली, म्हणून हे लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका कार्यशाळेत मी अशाच भ्रूणांवर प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) रंजन केले होते. ‘रेपो’ नावाचे एक प्रथिन आहे. ते पेशीच्या केंद्रकात राहते आणि ग्लियल पेशींखेरीज इतरत्र जवळजवळ सापडत नाही. रेपोला चिकटणारे प्रतिपिंड घालून, मग तपकिरी रंग चढवून, भ्रूण पोटाकडून पाहिला तर मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपक्यांच्या रांगा उमटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एका ग्लियल पेशीचे केंद्रक. त्या काचपट्टीचे छायाचित्र मी वर्गात पडद्यावर दाखवले आणि सवयीने सांगून टाकले, की जिथे ठिपका तिथे ग्लिया. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “मॅडम, मग बरोब्बर मधल्या रेघेत ग्लिया नसतात का? ती कोरी दिसतेय.”

ती रेघ खरोखर कोरी होती. आणि तिथे ग्लिया असतात.

ग्लिया म्हणजे चेतापेशींच्या भोवती राहणाऱ्या, त्यांना गुंडाळणाऱ्या, पोसणाऱ्या, वाढत्या तंतूंना वाट दाखवणाऱ्या किंवा वाट अडवणाऱ्या पेशी. जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी 1856 मध्ये त्यांना ‘चेतांचा गोंद’ अशा अर्थाचे नाव दिले आणि पुढे शंभर वर्षे त्या भिंतीतल्या चुन्याइतक्याच दुर्लक्षित राहिल्या. माणसाच्या मेंदूत त्यांची संख्या चेतापेशींच्या जवळपास बरोबरीची आहे. चिलटाच्या भ्रूणात हिशेब फार छोटा असतो: मज्जारज्जूच्या प्रत्येक खंडाच्या प्रत्येक अर्ध्या भागात साधारण 30 ग्लियल पेशी, आणि मधल्या रेघेत प्रत्येक खंडात शेवटी सुमारे 3. आकडा इतका लहान असल्यामुळे कोणती पेशी चुकली हे मोजून सांगता येते, आणि म्हणूनच ग्लियाची जनुके कोण चालवते याचा पहिला खरा तपास याच प्राण्यात झाला.

1995 साली दोन गटांनी एकाच वेळी एक जनुक जगासमोर आणले, ‘ग्लियल सेल्स मिसिंग’, थोडक्यात जीसीएम. हे जनुक बिघडलेल्या भ्रूणात बाजूच्या जवळपास सर्व ग्लियल पेशी गायब असतात. त्या मेलेल्या नसतात, तर ज्या पेशी ग्लिया व्हायच्या त्या चेतापेशी होऊन बसलेल्या असतात. उलट प्रयोगात, चेतापेशी व्हायच्या पेशींत जीसीएम जबरदस्तीने चालू केले, तर त्या ग्लिया होतात. असे दोन्ही बाजूंनी सिद्ध झालेले जनुक दिसले की जीवशास्त्रज्ञांना ‘मास्टर’ हा शब्द सुचल्यावाचून राहत नाही, आणि मीही वर्षानुवर्षे फळ्यावर ‘मास्टर स्विच’ असेच लिहीत आले होते. जीसीएमचे प्रथिन डीएनएवर आठ अक्षरांची एक खूण शोधून तिथे बसते: ए-टी-जी-सी-जी-जी-जी-टी. 1996 मध्ये असे आढळले, की रेपो जनुकाच्या आधीच्या पट्ट्यात ही खूण 11 ठिकाणी आहे. म्हणजे जीसीएम येते, रेपोच्या दारात ठिय्या देते, रेपो चालू होते, पेशी ग्लिया होते. इतपर्यंत गोष्ट सरळ आहे आणि परीक्षेत लिहायलाही सोपी आहे.

अडचण अशी, की जीसीएम फार काळ राहत नाही. पेशीची दिशा ठरली की काही तासांत ते नाहीसे होते, आणि ग्लियाचे खरे काम करणारी बहुतेक जनुके त्यानंतर चालू होतात किंवा चालू राहतात. रेपो मात्र त्या पेशीत जन्मभर असते. जाता जाता जीसीएम आणखी दोघांना कामाला लावून जाते. त्यांतले एक ‘पॉइंटेड’, आणि दुसरे ‘ट्रॅमट्रॅक’ची 69 क्रमांकाची आवृत्ती. पॉइंटेड जनुके चालू करते, तर ट्रॅमट्रॅकचे काम दाबून ठेवण्याचे, विशेषतः चेतापेशीपणाकडे नेणारी जनुके. मालक निघून गेला आणि मागे तिघे जण उरले. आता कारभार कसा चालतो?

इथे मला आमच्या अण्णांची आठवण येते. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या विकास सोसायटीचे ते बरीच वर्षे सचिव होते. चेकबुक आमच्या घरी लोखंडी ट्रंकेत असायचे. चहापाणी, टपाल असला किरकोळ खर्च अण्णा एकट्याच्या सहीने करत. कर्जवाटपाचा चेक मात्र चेअरमनची सही पडल्याशिवाय बँक परत पाठवी, मग अण्णांची सही कितीही वळणदार असो. आणि थकबाकीदाराचे नवे कर्ज अडवायचे असेल तेव्हा अण्णा आणि तपासनीस मिळून कागदावर शेरा मारत. माणूस तोच, सही तीच, पण शेजारी कोणाची सही आहे यावर त्या कागदाचा अर्थ ठरायचा.

2003 साली जपानी संशोधकांच्या एका गटाने रेपोबद्दल जे दाखवले ते जवळपास असेच आहे. रेपो डीएनएवरच्या सी-ए-ए-टी-टी-ए या सहा अक्षरांच्या खुणेवरून काम करते. ग्लियाच्या काही प्रकारांत ते एकटे एखादे जनुक चालवू शकते. ‘लोको’ नावाच्या जनुकासाठी त्याला पॉइंटेडची जोड लागते. आणि चेतापेशीपणा दाबण्यासाठी रेपो आणि ट्रॅमट्रॅक बरोबर काम करतात. लोकोबद्दल एक वाक्य सांगायलाच हवे, कारण नाव चमत्कारिक आहे: हे जनुक बिघडले तर प्राण्याच्या हालचालीत दोष येतो, आणि चेतासंस्थेला बाहेरच्या द्रवापासून वेगळे ठेवणाऱ्या ग्लियाच्या आवरणाशी त्याचा संबंध आहे. या लोकोचा नियंत्रणपट्टा 2000 साली जर्मनीत तपासला गेला, तेव्हा तिथे जीसीएम आणि पॉइंटेड या दोघांच्याही खुणा सापडल्या आणि दोघांचा एकत्र परिणाम नुसत्या बेरजेहून मोठा निघाला. म्हणजे जीसीएम स्वतः हजर असतानाही एकटे पुरत नव्हते. आधी जीसीएम आणि पॉइंटेड, नंतर रेपो आणि पॉइंटेड, अशा दोन वेगवेगळ्या जोडसह्यांनी एकच खाते चालत राहते.

अण्णांच्या चेकची उपमा एका जागी मात्र तुटते. चेकला दोन सह्या लागतात हा नियम बँकेने लिहून ठेवलेला असतो. पेशीत असा नियम लिहिणारे कोणी नाही. तो नियम डीएनएच्या त्या पट्ट्यातच, खुणा कोणत्या, किती आणि एकमेकींपासून किती अंतरावर आहेत यात मुरलेला असतो. अशा पट्ट्याला एन्हान्सर म्हणतात. तो जनुकाच्या पुढे, मागे किंवा जनुकाच्या पोटातसुद्धा असू शकतो.

आता त्या मुलीच्या कोऱ्या रेघेकडे येते.

मधल्या रेघेतल्या पेशींचा जन्मच निराळा आहे. अंड्याला साधारण तीन तास होतात तेव्हा पोटाकडच्या पेशी आत वळून स्नायू वगैरेंचा थर बनू लागतात. त्या पट्ट्याच्या दोन्ही काठांना फक्त एकेका पेशीच्या रुंदीची एकेक ओळ असते. मधला पट्टा आत गेला की या दोन ओळी, शिवताना कापडाचे दोन काठ जुळावेत तशा एकमेकींना येऊन भिडतात. तीच मधली रेघ. या पेशींत ‘सिंगल-माइंडेड’, म्हणजे सिम नावाचे प्रथिन तयार होते. मूळ जनुकाचा अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. सिम नसेल तर मधली रेघ घडतच नाही, आणि एरवी सरळ शिडीसारखा दिसणारा चेतातंतूंचा सांगाडा आकसून एका दोरीसारखा होतो. या पेशींतल्या काही पुढे चेतापेशी होतात आणि काही ग्लिया. आणि या ग्लियांत जीसीएमही नसते, रेपोही नसते. म्हणून माझ्या छायाचित्रात तिथे एकही तपकिरी ठिपका नव्हता. ‘जिथे ठिपका तिथे ग्लिया’ हे वाक्य बरोबर होते, पण त्याचे उलट वाक्य बरोबर नव्हते, आणि मी वर्गात दोन्ही एकाच दमात गृहीत धरली होती.

या मधल्या ग्लियांचे काम मोठे आहे. त्या ‘स्लिट’ नावाचे प्रथिन बाहेर सोडतात. ज्या तंतूंच्या टोकावर ‘रोबो’ नावाचा ग्राहक, म्हणजे संकेत टिपणारे प्रथिन, असतो त्यांना स्लिट दूर ढकलते. 1999 मध्ये हे नाते स्पष्ट झाले. स्लिट नसेल तर सर्व तंतू मध्यावर येऊन कोसळतात, आणि रोबो नसेल तर पुन्हा पुन्हा मधली रेघ ओलांडून गोल फिरत राहतात, त्यावरूनच त्या ग्राहकाला चौकातल्या वर्तुळाचे नाव मिळाले. एवढी जबाबदारी असलेले स्लिट जनुक योग्य पेशीतच चालू व्हावे, याची व्यवस्था काय?

सिम एकटे डीएनएवर बसू शकत नाही. त्याला ‘टँगो’ नावाचा जोडीदार लागतो, आणि दोघे मिळून जी खूण ओळखतात ती फक्त पाच अक्षरांची आहे: ए-सी-जी-टी-जी. इथे मी मुलांना फळ्यावर हिशेब करायला लावला. चार अक्षरांतून पाच अक्षरी शब्द 1024 होतात. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर वाचता येते, म्हणजे सरासरी दर 512 अक्षरांना एकदा हा शब्द निव्वळ योगायोगाने सापडायला हवा. चिलटाच्या जनुकसंचात सुमारे 18 कोटी अक्षरे आहेत. भागाकार केला की साडेतीन लाख येतात. जनुके आहेत 14 हजारांच्या आसपास. म्हणजे सिम आणि टँगो यांची जोडी फक्त खूण पाहून बसायला लागली तर प्रत्येक जनुकाच्या वाट्याला सरासरी पंचवीस खुणा येतील. जीसीएमच्या आठ अक्षरी खुणेचा असाच हिशेब केला तरी साडेपाच हजार ठिकाणे येतात. मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. खूण हा पत्ता नाहीच, फार तर पिनकोड म्हणावा.

त्यात आणखी गंमत अशी, की हीच पाच अक्षरी खूण दुसरे प्रथिनही वापरते. ‘ट्रेकियालेस’ नावाचे प्रथिन त्याच टँगोशी जोडी करून तीच खूण ओळखते, पण ते काम करते श्वासनलिका घडवण्याचे. खूण एक, एक जोडीदार सामाईक, तरीही एकीकडे मधली रेघ आणि दुसरीकडे श्वासनलिका. 1997 मध्ये या कोड्यावर एक सुरेख प्रयोग झाला. दोन्ही प्रथिनांत ‘पीएएस’ नावाचा एक भाग असतो. तो डीएनएला शिवत नाही, दुसऱ्या प्रथिनांशी हातमिळवणी करतो. संशोधकांनी ट्रेकियालेसमधला हा भाग काढून तिथे सिमचा बसवला. डीएनए ओळखणारा भाग मूळचाच राहिला, तरी ते प्रथिन सिमसारखे वागू लागले. डीएनए कोण वाचते यापेक्षा वाचणाऱ्याने कोणाचा हात धरला आहे यावर सगळे ठरत होते. माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकवण्याजोगा प्रयोग हा आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच सापडतो.

तो हात कोणाचा, हे 2000 साली स्लिटच्या बाबतीत कळले. स्लिटच्या सुमारे 1000 अक्षरांच्या एन्हान्सरवर सिम-टँगोच्या खुणेबरोबर आणखी दोन प्रथिनांच्या खुणा आहेत. एक ‘डायकीट’, हे सॉक्स घराण्यातले आहे आणि त्याला ‘फिशहूक’ही म्हणतात. दुसरे ‘ड्रिफ्टर’, पीओयू घराण्यातले. डायकीट एका बाजूने सिमच्या त्याच पीएएस भागाला धरते आणि दुसऱ्या बाजूने ड्रिफ्टरला. यीस्टच्या पेशीत तपासले तेव्हा तिघांचे एकत्र त्रिकूट बनताना दिसले. सॉक्स घराण्यातली प्रथिने डीएनएला चांगलाच बाक देतात, हे लक्षात घेतले तर डायकीट मधोमध का, याचा थोडा अंदाज येतो. दोन खुणा अंतरावर असल्या तरी दोरी वाकवली की जवळ येतात. ड्रिफ्टर श्वासनलिकेतही असते, आणि तिथे ते ट्रेकियालेसच्या सोबतीने काम करते. म्हणजे इथेही कोणाचीच सही फक्त एका खात्यापुरती नाही.

तरी एक गाठ उरते. सिम तर मधल्या रेघेतल्या चेतापेशींच्या पूर्वजांतही होते. मग फक्त ग्लियाचीच जनुके वेगळी कशी काढायची? 2007 मध्ये चिलटांच्या 12 जातींचे जनुकसंच एकत्र प्रसिद्ध झाले आणि एक नवे साधन हाती आले. लाखो ते कोट्यवधी वर्षे एकमेकींपासून दूर गेलेल्या जातींत जी अक्षरे बदललीच नाहीत, ती कामाची असली पाहिजेत. ‘रॅपर’ हे मधल्या ग्लियांचे जनुक आहे. या पेशी तंतूंना गुंडाळतात, त्यासाठी ते जनुक लागते. त्याच्या नियंत्रणपट्ट्याची 12 जातींत अशी तुलना केली, तेव्हा सिम-टँगोच्या खुणेच्या जोडीला आणखी काही आखूड, न बदललेल्या खुणा हाती लागल्या, आणि त्या बिघडवून पाहिल्यावर ग्लिया की चेतापेशी, या निवडीत त्यांचा हात दिसला.

याशिवाय बाहेरून येणारा निरोपही आहे. मधल्या ग्लिया सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त बनतात, आणि ज्यांना ‘स्पिट्झ’ हा वाढीचा संकेत पुरेसा मिळतो त्याच जगतात. बाकीच्या स्वतःहून मरतात. त्या संकेताची पेशीच्या आतली बाजू सांभाळणाऱ्यांत आपले ओळखीचे पॉइंटेड पुन्हा भेटते. बाजूच्या ग्लियांत ते रेपोच्या शेजारी बसले होते, इथे रेपो नाही, जीसीएम नाही, तरी पॉइंटेड आहे. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे चेअरमन दोन्ही सोसायट्यांवर आहेत.” अण्णा असते तर या वाक्यावर मनापासून हसले असते, कारण सांगली जिल्ह्यात असे चेअरमन शोधायला लांब जावे लागत नाही.

कशेरुकी प्राण्यांविषयी थोडक्यातच लिहिते. तिथे जीसीएमची भावंडे आहेत, पण त्यांतले एक वारेच्या (प्लासेंटाच्या) घडणीत आणि दुसरे पॅराथायरॉइड ग्रंथीत लागते. ग्लिया घडवण्याचे मुख्य काम त्यांच्याकडे नाही. पद्धत मात्र ओळखीची आहे. आपल्या हातापायांच्या नसांभोवती मायेलिनचे आवरण गुंडाळणाऱ्या ग्लियल पेशींत सॉक्स-10 आणि ‘क्रॉक्स-20’ मिळून मायेलिनची जनुके चालवतात, आणि यांपैकी दुसऱ्याच्या जनुकातला दोष हे शार्को-मारी-टूथ या नसांच्या आजाराचे एक कारण आहे. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट या ग्लियल पेशींच्या बाबतीत 1999 मध्ये दिसले, की स्टॅट-3 आणि स्मॅड-1 ही दोन प्रथिने एकमेकांना शिवतही नाहीत. दोघांना धरून ठेवते ते ‘पी-300’, जे स्वतः डीएनएची कोणतीच खूण वाचत नाही.

आणि जीसीएम? ते चिलटाच्या भ्रूणात डोक्याकडच्या भागात, चेतासंस्थेशी संबंध नसलेल्या पेशींतही चालू होते, आणि तिथे ते ग्लिया घडवत नाही. तिथे ते रक्तातल्या, मेलेल्या पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशी घडवायला लागते. ‘मास्टर स्विच’ हे शब्द मी फळ्यावरून पुसले आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा बशा ओतायच्या आहेत, आणि या वेळी त्या मुलीला रेपोबरोबर स्लिटच्याही प्रतिपिंडाने रंजन केलेले छायाचित्र दाखवायचे आहे, ज्यात मधली रेघ कोरी नसेल.